डावीकडचं बटण

यशश्रीचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या ॲपमधल्या चुका काढणं. इंदिरानगरातल्या एका छोट्या कंपनीत ती मोबाइलची ॲप तपासायची. आधी संगणकावर खोटा फोन उघडून, मग ड्रॉवरमधल्या स्वस्त-महाग खऱ्या फोनांवर आणि शेवटी माणसांवर. ही शेवटची पायरी तिची लाडकी. ज्याला ॲपमधलं ओ की ठो कळत नाही अशाच्या हातात फोन द्यायचा, त्याचं बोट कुठे कुठे पडतं ते रेकॉर्ड करायचं आणि आपण मिठाची गुळणी धरून बसायचं. शिकवायचं नाही, सुचवायचंही नाही. तो अडला तर चूक ॲपची. वापरणारा कधी चुकत नसतो. हा नियम ती देवाच्या आज्ञेसारखा पाळायची.

असा माणूस तिला शोधायला लांब जावं लागलं नाही. तिचे वडील शामसुंदर गुरुजी. पंचवटीत यात्रेकरूंच्या पूजा सांगण्यात त्यांची उभी हयात गेलेली. गणपतीच्या सुमारास तिने घरपोच भाजी मागवायचं नवं ॲप त्यांच्या हातात दिलं, तेव्हा ते म्हणाले, "यशू, दाराशी भाजीबाजार असताना फोनवरून कोथिंबीर मागवणाऱ्याला काय म्हणावं गं?" पण लेकीचं काम म्हणून चष्मा पुसून बसले. मेथी निवडली, कोथिंबीर निवडली आणि तिथेच थांबले. खाली उजव्या कोपऱ्यात ‘पुढे’ असं बटण होतं, ते त्यांना सापडेचना. यशश्री रेकॉर्ड करत राहिली. बराच वेळ शोधून ते ओशाळं हसले.

"अगं, संपलं वाटतं तुझं ॲप."

मग तिने ते बटण मोठं करून घेतलं, हिरवं करून घेतलं, पुढे भगवंसुद्धा. बाबांचं बोट आपलं डावीकडेच घुटमळत राहिलं. शेवटी बटणच डावीकडे आणलं, आणि गुरुजींनी ते चटकन दाबलं! यशश्रीला एवढा आनंद झाला की तिने त्या दिवशी आईला शिरा करायला लावला.

ऑफिसात तिचा वरिष्ठ शेखर मात्र वैतागला. "अगं, बाकी सगळ्यांना उजवीकडचं दिसतंय. एकट्या काकांसाठी सगळं उलटंपालटं करायचं?"

"एकाला दिसत नाही म्हणजे हजारांना दिसत नसणार," यशश्री तावातावाने म्हणाली. "चूक बाबांची नाही शेखर, आपली आहे."

भांडून भांडून तिने बटण डावीकडेच ठेवायला लावलं. वादात ती कुणाला हार जाणारी नव्हतीच. त्या एका वेळी हरली असती तर फार बरं झालं असतं.

संक्रांत झाली आणि एके दिवशी बाजाराच्या गल्लीत उजव्या बाजूने रिक्षा आली. गुरुजी सरळ तिच्यापुढे चालत गेले. लागलं थोडंच, कोपर तेवढं सोलवटलं. पण "रिक्षा दिसलीच नाही हो" हे ऐकून पट्टी बांधणारे डॉक्टर थबकले. त्यांनी गुरुजींना समोर बघायला सांगितलं आणि एकेका बाजूला बोट हलवून पाहिलं. डावीकडचं बोट त्यांना दिसत होतं. उजवीकडचं कितीही हलवलं तरी नाही. यशश्री शेजारीच उभी होती. कुणी काही सांगायच्या आत तिला सगळं कळलं, आणि तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

मेंदूत गाठ निघाली, हाताबाहेर गेलेली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "दिसायचं कधीपासून कमी झालं?"

"छे हो, दिसतंय की," गुरुजी म्हणाले. "उलट आमच्या यशूने फोनसुद्धा किती सोपा करून दिलाय मला."

"गणपतीपासून," यशश्री म्हणाली. तिच्याकडे तारखेसकट रेकॉर्डिंग होतं.

"तेव्हाच आला असतात तर काहीतरी करता आलं असतं," एवढंच डॉक्टर बोलले. बापाचं अर्धं जग अंधारात जात होतं आणि लेक बटणं रंगवत बसली होती! ज्या हुशारीचं घरादाराला कौतुक, त्या हुशारीची तिला शिसारी आली. दवाखान्याच्या जिन्यात बसून ती तोंडात ओढणी कोंबून रडली.

गुरुजींना घरी आणलं त्या दिवशी आईने, मालिनीबाईंनी, त्यांचं ताट वाढलं. डावीकडे चटणी-कोशिंबीर, मध्ये वरणभात, उजवीकडे भरली वांगी. गुरुजींनी कोशिंबीर संपवली, भात संपवला आणि बोटं चाटून थांबले. वांग्यांना हातही लागला नव्हता. मालिनीबाईंनी यशश्रीला दाराआड ओढलं.

"मला वाटायचं, माझ्या हातची भाजी नकोशी झालीय यांना," त्या पुटपुटल्या. "मी अबोला धरला होता गं त्यावरून."

यशश्रीने पुढे होऊन ताट अलगद फिरवलं. वांगी डावीकडे आली. गुरुजींचा चेहरा खुलला.

"अरे वा, आज भाजी आहे होय?" ते बायकोला म्हणाले. "मग आधी का नाही वाढलीस?"

मालिनीबाई पदराने डोळे पुसत पुढे आल्या.

"विसरलेच हो मी," त्या म्हणाल्या.