फोटोवरचा हात

आमच्या गावचा एक माणूस दिल्लीला निघाला होता. आधी विकास सोसायटी, मग पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, आणि आता लोकसभा. प्रत्येक पायरीला या साहेबांची माणसं कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावात घरोघर बेल-भंडारा घेऊन फिरत. तळहातावर बेलाचं पान, त्यावर खंडोबाची चिमूटभर हळद, आणि शब्द द्यायचा की मत साहेबांनाच. एकदा भंडारा उचलला की मतपेटीपाशी कुणी बघत नसलं तरी माणूस फिरत नसे. गुप्त मतदान मी फक्त पत्रकात वाचलं होतं.

वाचायलाही मी पत्रकांवरच शिकलो. वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. पिशवीतून भाकरी जाई आणि येताना सभांची पत्रकं येत. साहेबांविरुद्धचं प्रत्येक पत्रक घरात जपलेलं. त्यामुळं भंडारा आमच्या उंबऱ्याला कधी आला नव्हता. पण लोकसभेला लढत चुरशीची झाली, आणि माझी थोरली बहीण आता साहेबांच्याच हायस्कूलात शिकवत होती, कायम होण्याची वाट बघत.

पुढं साहेबांच्या शिक्षणसंस्थेचा सेक्रेटरी, मागं भंडाऱ्याची ताटली धरलेले दोघं.

"आवं मेकॅनिक, गाडी दिल्लीला निघालीया. जरा धक्का मारा की."

"तुमची गाडी धक्क्याबिगर कवा चालली हाय?" वडील म्हणाले.

सगळे हसले, सेक्रेटरीही. मग ताटली पुढं झाली.

हळद नुसती उचलली असती तरी चाललं असतं. धम्म घेताना घरानं जो देव सोडला, त्याची शपथ आम्हाला काय बांधणार? आमच्याच आळीत काहींनी तसं केलं होतं आणि मागून दार लावून हसले होते. वडिलांना ते जमणारं नव्हतं.

"ह्यो देव आमी मानत न्हाई. उगं हात कशाला पिवळा करू?"

मी मनात टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीनं भिंतीकडं बघितलं. तिथं निळ्या कोटातला फोटो होता.

"बराबर हाय तुमचं. मग ज्याला मानता, त्याच्यावर हात ठिवा."

खोलीला दार एकच, आणि दारात ते तिघं. वडील फोटोकडं बघेनात, ताईकडंही बघेनात. अशा वेळी काय करायचं हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

"बाईंची ऑर्डर टेबलावरच हाय," सेक्रेटरी सावकाश म्हणाला. "सही तेवढी राह्यलीया."

ताई चुलीपुढून उठली. "आप्पा, बाजूला व्हा. नोकरी माझी हाय, हात पन माझाच." तिनं पदराला हात पुसला आणि फोटोच्या काचेवर ठेवला.

"घरातली सगळी मतं," सेक्रेटरी म्हणाला.

"माझं एकटीचं."

मतदानाला जाताना मी तिला म्हणालो, "ताई, आत कोण बघतंय?"

"फोटोवर हात ठेवलाय रं," ती म्हणाली. तिनं मत साहेबांनाच दिलं.

साहेब निवडून आले. गुलालाचा ट्रक शाळेवरून गेला तेव्हा पोरांच्या रांगेत ताई उभी होती. तिची ऑर्डर आली. वडिलांनी नवी पत्रकं आणणं सोडलं नाही, पण ती मोठ्यानं वाचणं सोडलं.

मग दिल्लीतलं सरकार पडलं आणि पुन्हा निवडणूक लागली. मी तेव्हा सांगलीला खोली घेऊन शिकत होतो, सुट्टीला घरी आलो होतो. वरच्या आळीत भंडारा फिरतोय असं कळलं, तशी ताई स्टुलावर चढली. फोटो उतरवून तिनं जुन्या साडीत गुंडाळला आणि माझ्या बॅगेत घातला.

"सांगलीला ने. तुझ्या खोलीत लाव."

वडील भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत राहिले.

पुढं काय झालं ते ताईनं नंतर सांगितलं. सेक्रेटरी आला, त्यानंही खिळ्याकडं बघितलं आणि विचारलं, "फोटो परत कवा आणताय, बाई?"

"निवडणूक झाल्यावर."

ती झाली, साहेब पुन्हा निवडून आले. तेही सरकार टिकलं नाही. फोटो अजून माझ्याच खोलीत आहे.