हायरमच्या शर्टावरचा डाग

व्हर्ना फ्युगेटने आयुष्यात हजारो कपड्यांचे डाग काढले होते. डाग पाडायचं काम तिच्याकडे आलं ते थेट बहात्तराव्या वर्षी.

लॉरेल फोर्क गावातल्या जुन्या हायस्कूलच्या सभागृहामागे एक अरुंद खोली आहे. तिथे शिवणयंत्र मांडून व्हर्ना नाटकाचे कपडे शिवत होती. समोर पातेलंभर कडक चहा, आणि त्यात बुडवायला एक पुरुषी शर्ट. संहितेत तसं लिहिलेलंच होतं: ‘हायरम, नोलाचा बाप. दारूचे डाग पडलेला मळका शर्ट.’

नोला म्हणजे नोला फ्युगेट, अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगराळ भागातून निघून सबंध देशाच्या रेडिओवर पोचलेली गायिका. गावच्या पाण्याच्या टाकीवर तिचा चेहरा रंगवलाय, इतकी मोठी. तीन वर्षांपूर्वी ती वारली आणि आता तिच्या आयुष्यावर संगीत नाटक होत होतं. व्हर्ना तिची धाकटी बहीण. म्हणजे संहितेतला तो मळका हायरम हा व्हर्नाचाही बाप.

नोला गाव सोडून गेली आणि व्हर्ना राहिली, एवढ्यात त्या घराची हकिकत संपते असं गावातले लोक म्हणतात. पण राहणारीलाही काही आयुष्य असतं. व्हर्नाने गावातल्या तीन पिढ्यांच्या नवऱ्यामुलींचे झगे शिवले, शाळेच्या बँडचे गणवेश शिवले, आणि शवपेटीत घालायचे शर्टसुद्धा, पाठीमागून उघडे. नोलाचे झालरीचे, टिकल्यांचे स्टेजवरचे कपडे तर चाळीस वर्षं तिनेच शिवले आणि पार्सलने पाठवले. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. विचारणारे दोघे होते. दोघांनाही तिने विचार करून सांगते म्हणून सांगितलं आणि अजून विचार चाललाय, असं ती हसत सांगायची.

शर्ट मात्र तिने पांढराशुभ्र शिवला होता. कडक खळ, गळ्यापर्यंत बटणं. चहा गार होऊन वर तवंग धरायला लागला तरी तिचा हात काही पुढे होईना.

केंड्रा आत आली. नाटक तिनेच लिहिलेलं, बसवतही तीच होती. लेक्सिंग्टन शहरातली मुलगी, वय चौतिशीचं, कानाने तल्लख, आणि पेन्सिल चावायची खोड इतकी की दर आठवड्याला नवी लागे.

“व्हर्नाबाई, शर्ट अजून कोराच?” ती म्हणाली. “दुपारी डॉयलला त्यात तालीम करायचीय. पहिल्या अंकाचा शेवट आहे.”

पहिल्या अंकाचा शेवट कुणाला माहीत नाही? नोलाच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात तोच तर आहे. बाप पिऊन घरी येतो, मुलीची गिटार भिंतीवर आपटतो आणि मुलगी मोडकी गिटार घेऊन घर सोडते. देशभरातल्या बायका ते गाणं ऐकून रडल्या आहेत. हायरमचं काम करणारा डॉयल, गावातला हार्डवेअर दुकानदार, त्याने पातळ लाकडाच्या डझनभर गिटारी बनवून आणल्या होत्या. रोज एक फोडायची.

“त्यांनी फोडली नाही,” व्हर्ना म्हणाली.

“कोणी?”

“बाबांनी. त्यांनी दारूला कधी हात लावला नाही. गिटारीवर मी बसले.”

केंड्राने तोंडातली पेन्सिल काढली.

एकसष्ट वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर पडली तीही अशी, पातेल्यातल्या चहाकडे बघत. गिटारीला पेटी नव्हती. आईच्या गोधडीत गुंडाळून ती ट्रकच्या सीटवर ठेवलेली. सतरा वर्षांच्या नोलाला शनिवारच्या रेडिओ कार्यक्रमात पहिल्यांदा गायचं होतं, पहाटे निघायचं होतं, आणि अकरा वर्षांची व्हर्ना झोपेत चढून त्या गोधडीवर ऐसपैस बसली. आवाज झाला. संपलं.

“आणि गाणं?” केंड्राने विचारलं.

“ते तीन वर्षांनी आलं. रेकॉर्ड कंपनीतला माणूस नोलाला म्हणाला, दारुड्या बापाने फोडली तर गाणं होतं, पोरीने बसून मोडली तर विनोद होतो. नोला वीस वर्षांची होती. हो म्हणाली. मग मुलाखतीत विचारलं, खरं का? तिथेही हो म्हणाली. घरी बाबा हसले. म्हणाले, चालत असेल तर मी फोडली समज.”

इथवर ती सरळ सांगत होती. पुढचं सांगताना तिने शर्ट मांडीवर ओढला.

हायरमच्या चर्चमध्ये वाद्य नसतं, पेटी नाही, पियानो नाही. एक माणूस उभा राहून ओळ देतो आणि बाकांवरचे सगळे तीच ओळ सावकाश, ओढून, आपापल्या वळणाने म्हणतात. ओळ देणारा माणूस निष्कलंकच लागतो. हायरमने वीस वर्षं ओळ दिली होती. गाणं रेडिओवर वाजायला लागलं आणि चर्चच्या शनिवारच्या बैठकीत त्याला विचारणा झाली. गाण्यात आहे ते खरं का? खरं असेल तर कबूल कर, खोटं असेल तर मुलगी खोटं बोलते असं सांग. हायरम म्हणाला, “गाणं माझ्या मुलीचं आहे. मी त्यावर बोलणार नाही.” उत्तर येईपर्यंत त्याने ओळ देऊ नये, असं ठरलं. तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला, आणि मरेपर्यंत, एकोणीस वर्षं, तिथेच बसला.

“मी त्या बैठकीत होते,” व्हर्ना म्हणाली. “चौदा वर्षांची. मी बसले त्यावर, एवढे तीन शब्द बोलायचे होते. तोंड उघडलं नाही. बाबांनी उठताना माझा हात धरला आणि मला मागच्या बाकावर घेऊन गेले. एका शब्दाने बोलले नाहीत कधी.”

“मग नाटकाच्या हक्काच्या कागदावर सही करताना का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. मला त्याची सवय आहे.”

केंड्रा शहाणी होती, पण नाटकवाली होती. पहिला प्रयोग तीन आठवड्यांवर, गिटार फुटते म्हणून तिकिटं खपलेली, आणि आता ही म्हातारी म्हणते बापाने फोडलीच नाही. ती दारात आलेल्या डॉयलकडे वळली. “ऐकलंस? बारा गिटारींचं काय करू मी?”

“आठच,” डॉयल म्हणाला. “चार मी आधीच फोडल्यात.”

“गंमत नाही सुचत मला. व्हर्नाबाई, हे दाखवलं तर नोला खोटारडी ठरते. टाकीवर चेहरा आहे तिचा.”

“खोटं ती बोलली तेव्हा वीस वर्षांची होती. मी अजून बोलतेय. मला दाखव ना हवं तर. अकरा वर्षांची जाडी मुलगी, गोधडीवर बसलेली.”

डॉयल हसला. केंड्रा हसली नाही, पण तिने विचारलं तो प्रश्न नेमका होता. “गिटार मोडली, तर त्या दिवशी रेडिओवर नोला गायली कशी?”

हे मात्र व्हर्नाला आनंदाने सांगता येत होतं. गिटार नाही म्हणून नोला रडायला लागली. हायरम तिच्याशेजारी मायक्रोफोनपाशी उभा राहिला, कानामागे हात धरला आणि चर्चमध्ये देतो तशी ओळ दिली. मुलीने ती उचलली. बाप ओळ देतोय, मुलगी ती ओढून गातेय. वाद्याचं नाव नाही. स्टेशनवर त्या दिवशी इतके फोन आले की पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलं. नोलाच्या आवाजातली ती लांबवलेली तान, जिची लोक आजही नक्कल करतात, ती तिथली.

“देऊन दाखवा,” केंड्रा म्हणाली.

त्या चर्चमध्ये बायका ओळ देत नाहीत. व्हर्नाने बहात्तर वर्षांत कधी दिली नव्हती. पण एकोणीस वर्षं ती बापाशेजारी बसली होती, आणि तो ओठांतल्या ओठांत प्रत्येक ओळ देत असे हे फक्त तिला ऐकू आलं होतं. तिने शर्ट खाली ठेवला आणि दिली:

*नदी खोल आहे, पण पैलतीर दिसतो…*

केंड्राने पेन्सिल उचलली आणि संहितेतल्या चार पानांवर उभी रेघ मारली. “चहा ओतून द्या,” ती म्हणाली. “शर्ट पांढराच राहू दे.”

पुढचे तीन आठवडे धावपळीचे गेले. केंड्राने पहिल्या अंकाचा शेवट नव्याने लिहिला, दुसऱ्यात चर्चची बैठकही आणली. डॉयल दुसऱ्या चर्चचा, पियानोच्या सुरात वाढलेला. त्याला ओळ द्यायला शिकवता शिकवता व्हर्नाचा जीव मेटाकुटीला आला. “अरे, गाऊ नकोस,” ती ओरडायची, “हाक मार. पलीकडच्या डोंगरावर माणूस आहे असं समज.” दुकानात गिऱ्हाईक खिळे मागायला आलं तरी डॉयल हाक मारल्यासारखा बोलायला लागला, असं त्याची बायको सांगत होती.

आणि एका संध्याकाळी सुक्या सफरचंदांचा थरांचा केक आणि नाटकाचं एक तिकीट घेऊन व्हर्ना ब्रदर अमॉसकडे गेली. अमॉस शहाऐंशी वर्षांचा, अठ्ठावीसाव्या वर्षापासून चर्चची वही लिहिणारा. हायरमला विचारलेला प्रश्न त्यानेच वहीत लिहिला होता. ओसरीवर बसून त्याने केक घेतला, तिकिटाकडे बघितलं.

“आमची माणसं नाटकाला जात नाहीत, व्हर्ना. तुला सांगायला हवं का?”

“नको. पण मी जे सांगायला हवं होतं ते त्यात आहे.”

“मग इथेच सांग की.”

“इथे तू एकटा आहेस. गप्प मी सगळ्यांसमोर बसले होते.”

तिकीट तिने केकच्या ताटलीखाली ठेवलं आणि ती घरी आली. रात्री ती रडली, का ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी झाला. व्हर्ना पडद्याआड, तोंडात टाचण्या, नजर प्रेक्षकांवर. दिवे मंदावायच्या जरा आधी मागचं दार उघडलं. अमॉस काठी टेकत आला, आणि त्याच्यामागे चर्चची अठरा माणसं, रविवारच्याच कपड्यांत, कुणाकडे न बघता. पुढे जागा होत्या. ती सगळी शेवटच्या रांगेत बसली.

गोधडी आली, मुलगी तिच्यावर बसली, मोडल्याचा आवाज झाला. लोक हसले, मग पुढचे लोक हसायचे थांबले, कारण गावातल्या प्रत्येकाला गाणं पाठ होतं आणि हळूहळू उमगत होतं की गिटार मोडण्यात बाप कुठे नाही. व्हर्नाला वाटलं, आता उठतील आणि जातील. कोणी उठलं नाही.

मग पांढऱ्या शर्टातला डॉयल मायक्रोफोनपाशी आला. गळ्यापर्यंत बटणं. कानामागे हात धरून त्याने हाक मारावी तशी ओळ दिली.

नोलाचं काम करणाऱ्या मुलीने श्वास घेतला. पण तिच्या आधी शेवटच्या रांगेतून एक फाटका, म्हातारा आवाज उठला. अमॉसने ती ओळ उचलली होती. त्याच्यामागून अठराजण, आणि मग अर्धं सभागृह. नाटकात मध्येच गायचं नसतं हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ओळ दिली की म्हणायची, एवढंच त्यांना जन्मापासून ठाऊक. स्टेजवरची मुलगी भांबावून गप्प उभी. केंड्रा भिंतीशी होती, तिने कोणाला थांबवलं नाही. आणि शहाण्या डॉयलने पुढची ओळ दिली, शेवटच्या रांगेकडे बघत.

व्हर्नाने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि तीही गायली.

पुढच्या शनिवारी ती बैठकीला गेली. सवयीने मागच्या बाकाकडे वळली, मग वाट बदलून पुढे उभी राहिली. “गिटारीवर मी बसले होते,” ती म्हणाली. “बाबांनी फोडली नाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं.” बोलायला एवढाच वेळ लागला.

अमॉसने जुनी वही आणली होती. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचं पान काढलं. प्रश्नाखालची जागा त्याने तेव्हा उत्तरासाठी कोरी सोडलेली, ती कोरीच होती. त्याने लिहिलं आणि चष्मा सारखा करून सगळ्यांना वाचून दाखवलं:

“उत्तर मिळाले. हायरम फ्युगेट यांनी ओळ द्यावी.”