प्रभाकरभाऊजी जिंकले ती रात्र

हे बूट न काढताच सोफ्यावर बसले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. रोज सकाळी हे आणि ह्यांचे मित्र प्रभाकरभाऊजी बूढातालाब या तळ्याला फेरी मारायला जायचे. भाऊजींचं घर ब्राह्मणपाऱ्यात, आमच्या मागच्याच गल्लीत. त्या दिवशी हे दहा मिनिटांत परत आले. "प्रभाकर गेला," म्हणाले. मी विचारलं, "कुठे?" त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी गॅसवरचं दूध उतरवलं, ओटा पुसला, परत एकदा पुसला, मग चप्पल घातली. भाऊजी झोपेतच गेले होते. चादर गळ्यापर्यंत नीट ओढलेली होती. त्याला आज पाच आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, दुसऱ्यांच्या मुलांना निबंध लिहायला लावले, आता हा आपला आपण लिहायला बसले आहे. शब्द येतात, पण आत काही हलत नाही.

भाऊजी रेल्वेत गार्ड होते. सगळं ठीक असल्याची खात्री पटल्याशिवाय हिरवी झेंडी दाखवायची नाही, हा त्यांचा स्वभावच होऊन गेला होता. भाजी घेतानाही तीन दुकानं फिरायचे. त्यांची बायको कुसुम माझी मैत्रीण. तिचा हात मोकळा, तोंडही मोकळं. एकुलती एक मुलगी शुभांगी. तिनं उरला भागातल्या कारखान्यात काम करणाऱ्या एका छत्तीसगढी मुलाशी लग्न केलं आणि ती बीरगांवला राहायला गेली. भाऊजींनी तिचं नाव टाकलं. कुसुमला घरात तिचा विषय काढायचीही मुभा नव्हती, आणि ती काढायची नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

मग कुसुम आजारी पडली. दवाखान्यात आठ दिवस. आठव्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या पायाशी बसले होते. ती एकदम स्वच्छ आवाजात म्हणाली, "शुभीले बोलवा." भाऊजी म्हणाले, "सकाळी करतो फोन." ती परत म्हणाली, "आत्ताच करा न." ते म्हणाले, "सकाळी." सकाळपर्यंत ती राहिली नाही. घाटावर शुभांगी आली, कोणाकडून तरी कळून, तिच्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर. सगळं आटोपल्यावर ती वडिलांसमोर उभी राहिली. लहानपणापासून मराठी कळायचं तिला, पण उत्तर हिंदीतच द्यायची. "मां ने मुझे पूछा था क्या?" भाऊजी म्हणाले, "नाही. शुद्धीत नव्हती ते." मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभी होते. मी काही बोलले नाही. आदल्या संध्याकाळी फोन माझ्याही पिशवीत होता. तोही मी काढला नव्हता.

त्यानंतर शुभांगी आली नाही. भाऊजी एकटे पडले, जेवणाचं कधी करायचे, कधी नाही. म्हणून आम्ही दर शनिवारी संध्याकाळी डबा घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागलो. गुप्ता भैया पण यायचे. त्यांचं पंडरीच्या बाजारात कापडाचं दुकान, भाऊजींचे जुने शेजारी. तेच कुठूनसा पोकर शिकून आले आणि आम्हाला शिकवला. प्रत्येकाला दोन पत्ते, मधे सगळ्यांसाठी पाच उघडे, त्यातून आपला डाव जुळवायचा. पैसे लावायचे नाहीत ही माझी अट. म्हणून कुसुमच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली. ज्याच्याकडे शेवटी सगळी बटणं, त्यानं बाकीच्यांकडे एक गोष्ट मागायची, आणि ती नाही म्हणायची नाही. गुप्ता भैया माझ्याकडून पुरणपोळ्या मागायचे. ह्यांनी एकदा आठवडाभर फिरायला न जाण्याची सूट मागितली होती. भाऊजींनी कधी काहीच मागितलं नाही, कारण ते कधी जिंकलेच नाहीत. दुसऱ्यानं जरा बटणं वाढवली की भाऊजी पत्ते खाली ठेवायचे. "जाऊ द्या, मी नाही," म्हणायचे. दोन वर्षं आम्ही हेच ऐकलं.

ती रात्र हिवाळ्यातली. मी आणि हे आधीच हरून बसलो होतो. उरले गुप्ता भैया आणि भाऊजी. मधे दोन सत्ते, एक नहला म्हणजे नव्वी, एक राणी, एक चौका पडला होता. गुप्ता भैयांनी अर्धी बटणं पुढे सरकवली. आम्ही भाऊजींच्या 'जाऊ द्या'ची वाट पाहू लागलो. ते हातातल्या पत्त्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग दोन्ही तळहातांनी आपली सगळी बटणं पुढे ढकलली.

"भैया, सोच लो," गुप्ता भैया म्हणाले.

"सोचलं."

गुप्ता भैयांनीही उरलेली सगळी लावली आणि पत्ते उघडले. त्यांच्या हातात तिसरा सत्ता होता. ते बटणांकडे हात न्यायला लागले. भाऊजींनी आपले दोन पत्ते खाली ठेवले. दोन नहले. मधला धरून तीन नहले आणि वर सत्त्यांची जोडी. गुप्ता भैयांनी हात मागे घेतला आणि हसत हात जोडले. ह्यांनी भाऊजींची पाठ थोपटली. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी पत्ते गोळा केले, चारी कडा जुळवून गड्डी टेबलावर ठेवली.

"आता मांगा," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्हालेच मांगतो. बीरगांवले जा. शुभीले सांगा, का तिच्या आईनं तिले बोलावलं होतं... दोनदा बोलावलं होतं. मी खोटं बोललो."

हे माझ्याकडे पाहू लागले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

"काहून आज?" मी विचारलं.

"आज जितलो न. एरवी मांगताच आलं नसतं मले."

मी म्हणाले, "भाऊजी, हे मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. मी सोबत येते." नियम मोडला होता मी. त्यांनी बटणं एकेक करून कुसुमच्या डब्यात भरली. मग म्हणाले, "हव."

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही ऑटोनं गेलो. शुभांगीनं दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि बाजूला झाली. भाऊजी बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, एखादा अपघाताचा अहवाल द्यावा तसं. किती वाजले होते, कुसुम कोणत्या कुशीवर होती, पहिल्यांदा काय म्हणाली, दुसऱ्यांदा काय, आपण काय उत्तर दिलं. शुभांगी भिंतीला टेकून ऐकत होती. त्यांचं संपल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काकू, आपको भी पता था."

"हव," मी म्हणाले.

ती आत गेली. आता निघावं की थांबावं, आम्हाला कळेना. मग आतून विळीचा आवाज यायला लागला, पाठोपाठ फोडणीचा. तासाभरानं तिनं दोन ताटं आणून खाली ठेवली. भात, डाळ, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांची भाजी. "खाके जाइए," म्हणाली. आम्ही जेवलो. ती समोर बसली. भाऊजींनी भात दोनदा मागून घेतला. निघताना ते पायऱ्या उतरले, तेव्हा मागून ती म्हणाली, "अगले इतवार को आना है तो बारह बजे तक आ जाना. देर से खाना मुझे नहीं जमता."

माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. भाऊजींनीही विचारलं नाही. पण पुढचं वर्षभर एकही रविवार चुकला नाही. ते एकटेच जायचे. काय बोलता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. ते वाढते, मी जेवतो." संध्याकाळी परतताना आमच्या दाराशी थांबायचे. आत यायचे नाहीत. चपला घातलेल्याच, एक हात चौकटीवर. "आज जिमीकंद होता." कधी "आज लाल भाजी." शुभांगीनं काय रांधलं, एवढं सांगून आपल्या गल्लीकडे वळायचे.

भाऊजींना अग्नी शुभांगीनंच दिला. मुलगी कशी काय, असं कोणी विचारलं नाही. घराची चावी तिनं माझ्याकडे ठेवली आहे. शनिवारी आम्ही तिकडे जात नाही. गुप्ता भैयांनी एकदा फोन करून विचारलं, "भाभी, बैठना है क्या?" मी म्हणाले, बघू.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी दार उघडं ठेवून बसले होते. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. गल्लीतून दोन-तीन स्कूटर गेल्या. दिवे लागले. मग फोन वाजला. शुभांगीचा.

"काकू... आज चेच भाजी बनाई."

मी म्हणाले, "हव."

तिनं फोन ठेवला. हे आत पेपर वाचत होते. मी दाराशी उभी राहूनच त्यांना सांगितलं, "आज चेच भाजी होती." त्यांनी पेपर खाली केला, मान हलवली. मी दार लावलं.