थाप ऐकून येणारी खार

पावसाळा तोंडावर आला की आमच्या करडीकडच्या गावांत घरं फेरतात. म्हणजे छपरावरची कवेलू उतरवायची, फुटकी काढायची, परत रचायची. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. आमची एकुलती एक लेक तिकडेच दिलेली, घरात मी आणि आमचे हे, दोघंच. त्या वैशाखात हे छपरावर चढले आणि कवेलूंखालून खारीचं घरटं घसरून थेट अंगणात आलं. पिलांतलं एकच जिवंत होतं. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. त्याची आई मागच्या आंब्यावरून ओरडत होती. आम्ही पिलू खापरात घालून छपरावर ठेवलं, लांब जाऊन बसलो, पण ती काही आली नाही.

"जाऊ द्या जी, जगत नाही थे," मी म्हटलं.

"तुले काय मालूम?" म्हणाले, आणि पिलू उचलून बंडीच्या आत छातीशी धरलं.

मी चिडले होते, खोटं कशाला बोलू. शेळीचं दूध कोमट करा, त्यात पाणी घाला, कापसाची वात भिजवून चोखवा, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. माझ्या लेकीला याच माणसाने कधी दोन घोट पाजले नव्हते. "पोरीच्या वक्ती कुठं गेली होती ही माया?" मी विचारायची. हे हसून पुन्हा वात भिजवायचे. नाव मात्र मी ठेवू दिलं नाही. म्हटलं, नाव ठेवलं की जीव गुंतते. तसा तो गुंतलाच. मी भाकरी थापताना ती खार माझ्या पदरात येऊन झोपायची आणि मी जागची हलायची नाही.

ती फिरायला लागली तशी तिला बोलवायचं कसं, हा प्रश्न आला. शीळ यांना येत नव्हती, पुढचे दात गेलेले. तंबाखू मळून झाली की चुन्याची भुकटी उडवायला तळहातावर थाप मारतात ना, तीच हे कोरड्या हातावर मारायला लागले. थप थप. की आली बाई कुठूनही धावत, धोतरावरून बंडीवर, बंडीवरून खांद्यावर. मग हातात शेंगदाणा. पाहुणे आले की हाच खेळ. मलाही भारी कौतुक. गावातला एकूण एक गडी दिवसभर हाच आवाज काढतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आषाढात आंब्यावरच्या खारी ओरडायच्या आणि ही खिडकीच्या जाळीला चिकटून त्यांना उत्तर द्यायची. खाणं सोडलं. एकदा जाळी कुरतडून तोंड रक्ताळून घेतलं. तेव्हा हेच म्हणाले, "सोडाव लागते हिले." गावात कुत्री-मांजरं, म्हणून वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आमराईत सोडली. तिथे खारी पुष्कळ होत्या. ती झाडावर चढली, हळूहळू त्यांच्यात मिसळली. आम्हाला वाटलं, झालं एकदाचं.

मग धानाची रोवणी आली. दुपारी एक रोवणारा गडी आंब्याखाली टेकला, तंबाखू मळली आणि थाप मारली. आमची खार सरळ त्याच्या मानेवर. अंगावर अचानक काहीतरी आलं तर तो बिचारा काय करणार? किंचाळला आणि दुपट्ट्याने झटकली. ती चिखलात पडली, मागे त्याचा कुत्रा. मी हातातली रोपांची जुडी कुत्र्याला फेकून मारली, तेवढ्यात ती कशीबशी झाडावर गेली.

यांचा चेहरा उतरला. "मीच शिकवलो ना तिले. जो थाप मारन त्याच्याकडं जाते थे. मरते आता."

"घरी नेऊ परत," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"आन् पिंजऱ्यात ठेवू? जाळी कुरतडू कुरतडू मरन."

म्हणून ठरलं की शिकवलेलं विसरवायचं. माणसं घरी गेली की यांनी थाप मारायची, ती उतरली की मी लोटाभर पाणी फेकायचं. थाप मारली, आली. पाणी फेकलं. तर घाबरून पळाली कुठं? यांच्याच बंडीत. आत शिरून थरथरत बसली. पुन्हा केलं, पुन्हा बंडीत. मी लोटा आपटला.

"माझ्या भेवानं नाही होत जी. तुमचंच भेव बसलं पाहिजे."

"माझ्यानं नाही होत."

"मंग मरू द्या!"

इतकं कडू मी मुद्दाम बोलले. मी रडले असते तर आम्ही तिला उचलून घरी आणलं असतं.

यांनी दुपट्टा भिजवून पिळला. थाप मारली. ती नेहमीसारखी शेपटी उडवत उतरली, शेंगदाण्यासाठी. यांनी दुपट्टा सपकन तिच्यावर मारला. ती ओरडली, पण पळाली नाही. जरा मागे सरून यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. चुकून लागलं, असं वाटलं असेल तिला. ते पाहणं मला अजून सहन होत नाही. मग पुन्हा पुढे आली. यांनी पुन्हा मारला, जोरात. "जाय! जाय ना वं!" ओरडले, तर आवाजच फाटला. असं रोज. घरी येऊन हे जेवायचे नाहीत आणि मीही आग्रह करायची नाही.

एका संध्याकाळी यांनी थाप मारली आणि वर फांदीत चिकचिकाट झाला, साप दिसल्यावर खारी करतात तसला. ती शेंड्याकडे पळाली. आमच्यापासून दूर.

"शिकली," हे म्हणाले. "आता कोनाच्या हाती नाही लागत." आणि धुऱ्यावर, चिखलातच बसून ढसाढसा रडले. मीही शेजारी बसून रडले.

आमराईत खारी आजही आहेत. आमची त्यांत आहे की नाही, कळायला मार्ग नाही. यांची तंबाखू काही सुटली नाही, मी डोकं आपटून घेतलं तरी. पण आंब्याखाली बसले की तंबाखू मळतात आणि थाप न मारताच तोंडात टाकतात. भुकटी घशात जाते, ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं.

"मारा ना जी एक थाप," मी म्हणते. "घसा जळते तुमचा."

हे वर पाहतात. "राहू दे वं. असन तं पळन."