बराकीतल्या वीस खाटा

“ही आहे माझ्याकडे, पण कव्हरवरचा हवालदार मधोमध फाटलाय,” असं दुकानदाराला म्हणत त्या काकांनी जुन्या लष्करी विनोदी सिनेमाची तीच कॅसेट पुन्हा विकत घेतली. जुन्या बाजारात दर रविवारी ते आणि मी एकाच खोक्यात असले सिनेमे शोधतो, पण एकमेकांशी बोलत कधीच नाही.

या सिनेमांत गोष्ट अशी फारशी नसते. कवायतीत एक जण भलतीकडे वळतो, साहेब ओरडतो आणि अख्खी रांग कोलमडते. मला मात्र त्यातली बराक आवडते. वीस खाटा, कुणी घोरतंय, कुणी शेजाऱ्याचं पांघरूण ओढतंय. तिथे कुणाला एकटं राहताच येत नाही. माझ्या भाड्याच्या खोलीत हे बघताना हसू आलं की मी तोंडावर हात ठेवते. ऐकणारं कुणी नसतं, तरीही.

“वडिलांसाठी नेतेस का गं?” काकांनी अचानक विचारलं.

दुकानदाराला मी आजवर हेच सांगत आले होते. सवयीने मान हलायला लागलीच होती, ती मी थांबवली.

“नाही, काका. माझ्यासाठीच. मी एकटीच बघते.”