चोरीला गेलेला खडक

चहा ओता आणि हसायचं ते आधीच हसून घ्या बरं का. कारण आता जे सांगतोय, त्यातला गाढवपणा सगळा माझ्या एकट्याचा. वाटेकरी कोणी नाही!

एकतीस वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाच्या मोळीत दगड घालणारे बघितले, ट्रॉली काट्यावर चढली की हळूच स्वतःचा एक पाय टेकवणारे बघितले. त्यामुळं कोणी गोड हसलं की माझा हात आधी खिशाकडं जातो. आमची मार्था शाळेत शिक्षिका होती. ती म्हणते, "अहो, तुम्ही चर्चमध्ये पाळकांकडंसुद्धा संशयानं बघता." बघतो. काय करू?

मी निवृत्त झालो, तसं मुलीनं परस्पर अंदमानातल्या एका चिमुकल्या बेटावर आमचं बुकिंग केलं. "पप्पा, तिथं हॉटेलं नाहीत, गाड्या नाहीत, मोबाईलला रेंज नाही. पाच दिवस निवांत राहा दोघं."

रेंज नाही! म्हणजे ओरडलो तर ऐकणार कोण?

पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. नारळीच्या बागेत झावळ्यांच्या तीन झोपड्या, बाकीच्या दोन रिकाम्या. मालक निताईदा, साठीचा बंगाली माणूस, अंगात बनियन, तोंडभर हसू. इथंच मला खटकलं. दाराला बघतो तर कडीच नाही. वेताचं एक कडं खुंटीला अडकवायचं, झालं!

म्हटलं, "ताला किधर है?"

तो खो खो हसला. "ताला? किसके लिए, बाबू?"

आपल्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, मान्य. पण तिथं राखण करायला शनिदेव बसलाय. इथं कोण बसलंय? हा निताईदा!

सकाळी चहा देता देता त्यानं विचारलं, "बाबू, घूमने कब जाएगा? दोनों जाओ, आराम से आओ."

मी मार्थाला कोपऱ्यात घेतलं. "ह्यो मानूस साधा न्हाई. आपन कवा बाहेर पडतो, ते इचारतोय."

"अहो, पाहुणचार आहे तो. चला, शिंपले वेचू."

"तू जा. मी हाय इथंच."

ती गेली. मी एक स्टीलचा डबा घेतला. त्यात दोघांची आधार कार्डं, परतीची तिकिटं आणि मार्थाच्या मोत्याच्या कुड्या घातल्या. वर प्लास्टिकच्या दोन पिशव्या गुंडाळल्या आणि निघालो. समोर एवढी मोठी मोकळी वाळू पसरलेली, चिटपाखरू नाही. एक काळा खडक दिसला. त्याच्या बुडाशी कोपरभर खोल खड्डा केला, डबा पुरला, वरून हात फिरवून वाळू सारखी केली. चोराच्या बापाला सापडणार नाही!

मागं वळतो तर निताईदा बागेच्या कडेला उभा. "बाबू, उधर कुछ मत रखो. पानी आएगा."

मी आकाशाकडं बघितलं. ढगाचा ठिपका नाही. मनात म्हटलं, आम्ही नगर जिल्ह्यातली माणसं. पाणी येणार, पाणी येणार, हे प्रत्येक निवडणुकीला ऐकत म्हातारे झालो. आम्हाला शिकवतो?

म्हटलं, "आने दो."

दुपारपर्यंत तिथंच बागेच्या सावलीत पहारा दिला. मग निताईदाच्या बायकोनं मासळीचं कालवण आणि ऊन ऊन भात वाढला. लई चव होती हो त्या कालवणाला! जरा पाठ टेकतो म्हटलं आणि गपकन झोप लागली.

जागा झालो तर तीन वाजलेले. बाहेर येऊन बघतो... खडक गायब!

आता काय सांगू तुम्हाला! भरती-ओहोटी शाळेत पाठ केली होती मी, मार्कही पडले होते. पण पुस्तकातलं पाणी आमच्या काष्टी गावात कधी आलंय का? झोपेतनं उठलेल्या डोक्याला एवढंच कळलं की चोरांनी डब्यासकट खडक उचलून नेला.

"पत्थर किधर गया? किसने उठाया?" मी बोंबलत सुटलो.

पाच मिनिटांत बागेमागची अख्खी वस्ती गोळा झाली. रिकामीच होती बिचारी.

निताईदा हळूच म्हणाला, "पत्थर उधर ही है, बाबू. पानी के नीचे."

"तो निकालो!"

"सुबह निकलेगा. अपने आप."

"अपने आप? पत्थर को क्या पाय है?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात मार्था आली. तिनं समुद्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"काय पुरलं होतं?"

"आधार कार्डं... तिकिटं..."

"आणखी?"

"तुझ्या कुड्या."

ती मटकन खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पाण्याकडं बघत एवढंच म्हणाली, "आईच्या होत्या." थोड्या वेळानं ती उठली, निताईदाशी बाजूला जाऊन काहीतरी बोलली आणि मला आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरलं आणि खडक दिसला. एक नाही, अकरा! काल घाईत माझ्या नजरेत एकच भरला होता. सगळे काळे, सगळे सारखे. मला काय ठाऊक, माझा कुठला! वस्तीतली वीस-पंचवीस माणसं फावडी, करवंट्या घेऊन वाळू उपसत बसली. दीड तासानं निताईदाच्या बायकोनं डबा वर काढला. तिकिटं दमट झाली होती, कुड्या मात्र जशाच्या तशा. मार्थानं त्या तिथंच कानात घातल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि त्यानंतर माझी काय बडदास्त, विचारू नका! मी समुद्राकडं निघालो की दोघं जण हात धरून चालणार. मी काही बोललो की सगळे एका सुरात, "हाँ बाबू, हाँ हाँ." शहाळं सोलून ओठाला लावणार. एक म्हातारी तर रोज सकाळी येऊन डोक्यावर खोबरेल तेल थापायची.

परतीच्या बोटीत मी मिशीवर हात फिरवला. "बघितलंस? एकदा आवाज चढवला तर कसं वचकून ऱ्हायले. मानूस असा कडक पायजे."

मार्था कुड्या चाचपत म्हणाली, "वचकून नाही. तुम्ही खडकासाठी ओरडलात ना, त्यानंतर निताईदांनी मला बाजूला विचारलं, बाबू का माथा कब से ऐसा है?"

"मंग? तू काय म्हनलीस?"

"म्हटलं, फार वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलंय, जे म्हणतील त्याला हो म्हणा."

"अगं, चर्चला जाती तू! एवढं खोटं बोललीस?"

"नाही," मार्था म्हणाली. "बोलायच्या आधी मी नीट विचार केला. खोटं वाटलं नाही."