बळीरामचं चिलखत

आमच्या शुक्रवारच्या मंडळींचे किस्से सांगायला बसले, की समोरचा अर्ध्यातच विचारतो, "म्हणजे हे खरं घडलं, की खेळात?" मलाच धड सांगता येत नाही, आणि तोवर नवीन चार किस्से होऊन बसलेले असतात.

शुक्रवारी भिवंडीत कापडाचे लूम बंद. नईमच्या कारखान्यात त्या दुपारी माणसाचं बोलणं ऐकू येतं, म्हणून खेळ तिथंच. नईम गोष्ट सांगतो, राक्षस सोडतो. आपण एकेक पात्र घ्यायचं, आणि ते जगलं की मेलं हे फाशांवर ठरतं. नवरा दर शुक्रवारी जातो कुठं, हे बघायला मी गेले आणि अडकले.

*

पहिल्याच दिवशी नईमनं सांगितलं, ह्या चेटकिणीवर थंड लोखंडाचीच तलवार चालते. म्हणजे भट्टीत न तापवता घडवलेली.

किशोर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "तापवलंच न्हाय तं वाकवलं कसं?"

नईमनं नियमांचं पुस्तक उघडलं. चहा आला, गार झाला, तरी त्याची बोटं पानांतच. शेवटी म्हणाला, "रेडीमेड मिळते."

आम्ही घेतली. चेटकीण मेली. कशी, ते मला अजून कळलेलं नाही.

*

फरजाना ही नईमची धाकटी बहीण. बिर्याणीतलं मटण आधी वेचून खाणारी. खेळात मात्र ती जंगलातली साध्वी, धातू अंगाला लावत नाही. चामड्याचं चिलखत घे म्हटलं, तर "मी प्राण्यांशी बोलते, त्यांचंच कातडं घालू?" लाकडाचं म्हटलं, तर ती झाडांशीही बोलत होती.

"मग कापडाचं शिव बाई," मी वैतागले.

"कापडानं तलवार अडत नाही," नईम म्हणाला.

"भाई, अब्बांच्या कारखान्यात बसून कापडाला नावं ठेवतोस?"

नईमनं मुकाट्यानं चिलखत मंजूर केलं.

*

एकदा आकाशातून तारा पडला. त्यातल्या लोखंडाची तलवार म्हणे दगड कापते. आम्ही कुदळी घेऊन निघालो, तर किशोर वाटेतच थांबला.

"पडला त्या जागेचा सातबारा कोणाच्या नावावर हाय?"

"जंगलात पडलाय," नईम म्हणाला.

"मंग परवानगी लागंल."

अख्खी दुपार परवानगी कुणाची, यावर वाद. तेवढ्यात शत्रूचे लोक आले आणि तारा खणून घेऊन गेले. त्यांनी कुणाला विचारलं, देव जाणे.

*

किशोरच्या योद्ध्याचं नाव बळीराम. माझ्या सासऱ्यांचं. ते गेले आणि पुढच्याच महिन्यात ह्यानं हे पात्र घेतलं. खेळात मेलेला परत येत नाही, हा नईमचा नियम. त्यामुळे फासा पडला की किशोरचा चेहरा मला बघवत नाही.

ड्रॅगनची आग अडवायला ड्रॅगनच्याच खवल्यांचं चिलखत लागतं. आम्ही मरमर करून खवले मिळवले, लोहाराकडे टाकले. चिलखत तयार झालं आणि ड्रॅगन गावावर आला.

"मी चिलखत घ्यायला गेलो," किशोर म्हणाला.

"दुकान बंद आहे. शुक्रवार."

"त्या राज्यात शुक्रवारी बंद का?" फरजानानं विचारलं.

नईमनं लोहारालाही विचार न करताच भिवंडीची सुट्टी देऊन टाकली होती. पण बोलून बसला होता, आणि बोललेलं फिरवायचं नाही हाही त्याचाच नियम.

"पळ ना," मी किशोरला म्हटलं.

"बळीराम पळणार न्हाय. मागं गाव हाय." मला रडू यायला लागलं, आणि एका खेळापायी मी का रडतेय तेही कळेना.

नईमनं आगीचा फासा टाकला. वाकून बघितला. मग फाशावर हात ठेवला.

"लाइट गेली," तो म्हणाला. "खेळ जिथल्या तिथं बंद करा."

आम्ही वर बघितलं. पंखा गरगर फिरत होता.

"गेलीच," किशोर म्हणाला, आणि उठून चपला शोधायला लागला.